मुरघास : तोंड बांधल्यानंतर आत काय घडते?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ज्याच्या दावणीला चार-पाच दुभत्या गाई आहेत, त्याचा दिवस त्याच्या हातात नसतो. पहाटेची धार, डेअरीला दूध, मग विळा घेऊन रानात, आणलेल्या वैरणीची कुट्टी आणि पुन्हा संध्याकाळची धार. लग्नकार्य असो की कुणाला दवाखान्यात ठेवायचे असो, घरातला एक माणूस वैरणीसाठी मागे राहतोच. ज्येष्ठ महिन्यात ही अडचण फार जाणवते. ज्येष्ठ सरता सरता संत तुकाराम महाराजांची पालखी याच भागातून पुढे सरकते. बारामती, सणसर, बेलवाडीचे रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर अशी गावे घेत ती पंढरीकडे जाते. पायी निघण्याची ओढ अनेकांना असते, पण नेमक्या त्याच दिवसांत उन्हाळ्याने रान करपलेले असते आणि पावसाळी पेर अजून उगवायची असते.

गोठ्याशेजारी उभ्या राहिलेल्या मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, बॅगांनी ही गाठ बरीच सैल केली आहे. कार्तिकात किंवा माघात कापलेला मका बॅगेत दाबून ठेवला, तर तो ज्येष्ठात काढता येतो. रोज रान गाठावे लागत नाही, आणि घरी राहिलेले वयस्क आई-वडीलही पाट्या भरून गव्हाणीत टाकू शकतात. पण मुरघास काही आपोआप टिकत नाही. कुणाची बॅग आठ महिन्यांनीही आंबूस, सोनेरी निघते, तर कुणाची दोन महिन्यांत काळी आणि बुरसलेली. हा फरक नशिबाचा नाही. मुरघासाचे बरे-वाईट दोनच वेळा आपल्या हातात असते, तोंड बांधण्याआधी आणि तोंड उघडल्यावर. मधल्या काळात त्याला एकटे सोडायचे असते. हे का, ते समजून घ्यायला बॅगेच्या आत डोकवावे लागेल.

पाण्याचा आणि बिनपाण्याचा मुलूख

बारामती-इंदापूर म्हटले की बाहेरच्या माणसाला ऊस आठवतो. दक्षिणेला नीरा नदी आणि नीरा डावा कालवा, इंदापूरच्या उत्तर-पूर्वेला भीमा आणि उजनी धरणाचा फुगवटा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा असे साखर कारखाने या पाण्यावर उभे राहिले. पण बारामती तालुक्यातच सुपे, मोरगाव, लोणी भापकर हा जिरायत पट्टा आहे, आणि इंदापुरातही कालव्याच्या शेवटाला पाण्याची वाट पाहणारी गावे आहेत. २०१८ साली राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्या यादीत हे दोन्ही तालुके होते.

दुधाचा धंदा मात्र दोन्ही पट्ट्यांत आहे. गाळप चालू असताना उसाचे वाढे मिळते आणि जनावरांचे पोट भरते. वाढ्यात ऑक्झॅलेट असते. ते शरीरातल्या कॅल्शियमशी बांधले जाते, म्हणून नुसत्या वाढ्यावर ठेवलेल्या दुभत्या गाईला कॅल्शियम कमी पडते. शिवाय कारखान्याचे धुराडे थंड झाले की वाढेही संपते. तिथून पावसाळी चारा हाताशी येईपर्यंत तीन-चार महिन्यांची पोकळी राहते. मुरघास ही पोकळी भरण्यासाठी आहे.

आंबण्याची शास्त्रशुद्ध साखळी

मका कापला तरी त्याची पाने लगेच मरत नाहीत. कुट्टी केल्यावरही पेशी श्वास घेत राहतात, साखर जाळतात आणि उष्णता सोडतात. बॅगेत कुट्टी घट्ट दाबून तोंड बांधले की आत उरलेला प्राणवायू काही तासांत संपतो. सैल भरलेल्या बॅगेत मात्र हा श्वास एक-दोन दिवस चालू राहतो, चारा तापतो आणि पुढे आम्ल बनवण्यासाठी हवी असलेली साखर फुकट जळते.

प्राणवायू संपला की पाळी येते हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंची. पहिल्या एक-दोन दिवसांत एन्टेरोबॅक्टर गटातले जिवाणू पुढे असतात. ते थोडे अॅसिटिक आम्ल आणि वायू बनवतात. मग लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू जोर धरतात. दुधाला विरजण लागते ते याच कुळातल्या जिवाणूंमुळे. त्यांतले कार्यक्षम गट साखरेच्या एका रेणूपासून लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू बनवतात आणि वायू जवळजवळ सोडत नाहीत, म्हणजे चाऱ्याचे वजन आणि ताकद वाया जात नाही.

ताज्या मक्याचा सामू (पीएच) साधारण ६ च्या आसपास असतो. चांगल्या मुरघासात तो ३.८ ते ४.२ पर्यंत उतरतो. सामूचे मोजमाप असे आहे की एक अंक खाली गेला की आम्लता दहापट होते. म्हणजे ६ वरून ४ वर येणे ही शंभरपट वाढ. इतक्या आंबट वातावरणात सडवणारे जिवाणू तग धरत नाहीत, आणि शेवटी लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणूही मंदावतात. चारा स्थिर होतो. हवा आत गेली नाही, तर या अवस्थेत तो महिनोन्‌महिने राहू शकतो.

सामू पुरेसा उतरलाच नाही, तर क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू हात-पाय पसरतात. ते मातीतून येतात आणि ओल्या, कमी आंबट चाऱ्यात वाढतात. तयार झालेले लॅक्टिक आम्ल खाऊन ते ब्युटिरिक आम्ल बनवतात. खवट लोण्यासारखा, नाकाला चिकटून राहणारा वास हा त्यांचा. दोन रेणू लॅक्टिक आम्ल खर्ची पडते तेव्हा ब्युटिरिक आम्लाचा एक रेणू बनतो आणि बाकीचे वायू होऊन उडून जाते, म्हणून वासाबरोबर चाऱ्याचा कसही घटतो.

या सगळ्यामागे असलेले तत्त्व, की चारा वेगाने आणि पुरेसा आंबट झाला तर तो टिकतो, फिनलंडच्या आर्टुरी विर्तानेन यांनी प्रयोगशाळेत पक्के केले. चाऱ्यात थेट सौम्य खनिज आम्ल मिसळून सामू ४ च्या खाली आणण्याची पद्धत त्यांनी बसवली आणि १९४५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या आधी, १८७७ मध्ये, फ्रान्सच्या ऑग्युस्त गोफार यांनी मक्याच्या मुरघासावर पुस्तक लिहून ही रीत युरोपभर पोहोचवली होती. फिनलंडमध्ये लांबलचक हिवाळ्यात गाई गोठ्यातच असतात आणि बाहेर बर्फ असतो. आपल्याकडे वैशाखात रान उघडे पडते. कारणे वेगळी असली, तरी हिरवे पान नसलेले महिने काढण्याचा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

दूरचा भाऊबंद : बेल्जियमची आंबट बिअर

आंबवून महिनोन्‌महिने न हलवता ठेवण्याची कला जगात आणखी एका ठिकाणी फार बारकाईने जपली गेली आहे. ब्रसेल्सजवळच्या सेन नदीच्या खोऱ्यात लँबिक नावाची आंबट बिअर बनते. तिथले लोक थंडीच्या महिन्यांत धान्याचा उकळलेला काढा उथळ, पसरट भांड्यात रात्रभर उघडा ठेवतात. हवेतले आणि लाकडातले जिवाणू व यीस्ट त्यात उतरतात. मग तो लाकडी पिंपांत भरून एक ते तीन वर्षे ठेवला जातो. १९०० साली सुरू झालेली कान्तियों ही ब्रसेल्समधली ब्रुअरी आजही याच रीतीने काम करते.

पिंपात जी पाळीपाळीने कामे होतात, ती मुरघासाशी ओळख सांगणारी आहेत. पहिल्या महिन्यात तिथेही एन्टेरोबॅक्टर गट पुढे असतो. त्यानंतर यीस्ट साखरेचा अल्कोहोल करते. पुढच्या महिन्यांत पेडिओकोकस हा लॅक्टिक जिवाणू आंबटपणा वाढवतो. त्या काळात बिअर कधी कधी तारेसारखी चिकट होते, आणि अनुभवी माणूस तिला हात न लावता वाट पाहतो. कारण नंतर येणारे ब्रेटानोमायसेस जातीचे यीस्ट तो चिकटपणा मोडते आणि चव बसते.

युरोप-अमेरिकेत घरच्या घरी अशी बिअर मुरवणारे लोक आहेत. काचेच्या मोठ्या बुधल्याच्या तोंडाला ते पाणी भरलेली एक छोटी नळी लावतात. आतला वायू त्या पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर जातो, पण बाहेरची हवा आत येत नाही. धोका येतो तो मालक कित्येक महिने घराबाहेर असला की. नळीतले पाणी हळूहळू उडून जाते, हवेला वाट मोकळी होते आणि अॅसिटोबॅक्टर जिवाणू अल्कोहोलचा सिरका करतात. दोन वर्षांची मेहनत आंबट-तिखट व्हिनेगर होऊन बसते. म्हणून जाणकार भांडे गळ्यापर्यंत भरतात, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवतात, नळीतले पाणी कुणाला तरी बघायला सांगतात आणि चव पाहण्यासाठी वारंवार झाकण उघडत नाहीत. प्लॅस्टिकची बादलीही ते टाळतात, कारण पातळ प्लॅस्टिकच्या भिंतीतून प्राणवायू सूक्ष्म प्रमाणात आत झिरपत राहतो.

आपल्याकडे हा घरगुती उद्योग करता येत नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य बनवणे हा गुन्हा आहे. पण त्यामागचे ज्ञान कायद्याने अडत नाही, आणि ते गोठ्यात जसेच्या तसे उपयोगी पडते. दोन्हीकडे दिवस सरण्याची भीती नसते, भीती हवेची असते.

तोंड बांधण्याआधी

मुरघास चांगला होण्याचा निम्मा निकाल कापणीच्या दिवशी लागतो. मका दाणे दुधात असताना कापला तर त्यात पाणी फार असते आणि बॅगेच्या तळाशी काळपट रस साचतो. त्या रसाबरोबर साखर आणि प्रथिनेही निघून जातात. मका पार वाळला तर तो दाबला जात नाही, फटी राहतात आणि फटींत हवा राहते. दाणा दुधातून चिकात जातो तेव्हा, म्हणजे नखाने दाबला की पीठ आणि दूध एकत्र दिसते त्या अवस्थेत, मका कापावा. पेरणीपासून साधारण ७५ ते ९० दिवसांत ही वेळ येते, पण जातीप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे ती पुढे-मागे होते, म्हणून दिवस मोजण्यापेक्षा दाणा पाहावा. त्या वेळी चाऱ्यात ६५ ते ७० टक्के ओल असते.

यंत्र नसेल तर मूठ आहे. कुट्टी मुठीत घट्ट आवळून सोडावी. पाणी ठिबकले तर चारा ओला आहे, तो काही तास सुकू द्यावा. मूठ उघडताच कुट्टी लगेच विस्कटली तर चारा कोरडा आहे. गोळा सावकाश मोकळा झाला आणि तळहात नुसता ओलसर राहिला, तर भरायला हरकत नाही.

कुट्टी एक ते दोन सेंटिमीटरची असावी. तुकडे मोठे राहिले तर दाबताना पोकळी राहते, आणि कणसांचे दाणे फुटले नाहीत तर ते शेणातून जसेच्या तसे बाहेर पडतात. बॅगेत भरताना सहा-सहा इंचांचा थर टाकून पायाने किंवा ठोकणीने दाबावा, विशेषतः कडेचा भाग, कारण बुरशी नेहमी कडेपासून सुरू होते. खड्डा किंवा बंकर असेल तर प्रत्येक थरावर ट्रॅक्टर फिरवावा. एका घनफुटात साधारण १५ ते १८ किलो चारा बसला तर दाब चांगला झाला असे समजावे. भरण्याचे काम सुरू केले की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, संपवावे. तीन-चार दिवस रेंगाळलेला खड्डा तोंड बांधण्याआधीच अर्धा गरम झालेला असतो. चाकांना आणि पायांना चिकटून माती आत जाणार नाही, याकडेही लक्ष हवे. क्लॉस्ट्रिडियम मातीतूनच येतो.

गूळ, मीठ, कल्चर याबद्दल गावोगावी वेगवेगळे सल्ले मिळतात. मक्यात स्वतःची साखर भरपूर असते, त्याला गुळाची गरज नाही. लसूणघासासारख्या द्विदल चाऱ्यात साखर कमी असते आणि त्याचा सामूही लवकर उतरत नाही. तिथे एक-दोन टक्के गूळ किंवा मळी उपयोगी पडते. लॅक्टिक जिवाणूंचे कल्चर वापरायचे असेल तर ते चाऱ्याच्या प्रत्येक ग्रॅममागे एक लाख जिवंत जिवाणू पडतील, अशा मात्रेत वापरतात. ते क्लोरीनच्या पाण्यात कालवू नये आणि उन्हात ठेवू नये. मात्र सैल भरलेली बॅग कोणतेही कल्चर वाचवू शकत नाही.

उसाचा मुरघास का फसतो

उसाच्या पट्ट्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. चाराटंचाईत तोडलेल्या उसाचा मुरघास का करू नये? ऊस भरपूर, गोड आणि हाताशी असतो. अडचण त्याच्या गोडव्यातच आहे. उसात साखर एवढी असते की लॅक्टिक जिवाणूंबरोबर यीस्टही जोमाने वाढते, आणि यीस्टला कमी सामूचे भय नसते. आंबट वातावरणातही ते साखरेचा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवत राहते. चाऱ्याचा मोठा भाग अशा तऱ्हेने वायू होऊन निघून जातो. ब्राझीलमध्ये जनावरांना ऊस खूप घातला जातो, आणि तिथल्या संशोधकांनी या नुकसानीचा बारकाईने अभ्यास केला आहे. चुना किंवा विशिष्ट जिवाणूंचे कल्चर वापरून ते नुकसान कमी करता येते, पण त्यासाठी नेमकी मात्रा आणि जाणकाराची देखरेख लागते. लहान गोठ्यासाठी सरळ नियम असा, की ऊस ताजा कुट्टी करून घालावा आणि मुरघासासाठी मका, ज्वारी किंवा योग्य अवस्थेत सुकवलेले नेपियर गवत वापरावे.

मधले महिने

तोंड बांधल्यावर पहिल्या आठवड्यात बॅग फुगते. ते आतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे असते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. तोंड उघडून तो वायू मोकळा करण्याचा मोह टाळावा. वायू बाहेर जाताना हवा आत येते, आणि पुन्हा तेवढे घट्ट बांधणे जमत नाही. काही दिवसांत फुगवटा आपोआप बसतो.

मुरघास साधारण ४५ दिवसांनी वापरण्याजोगा होतो. पण घाई नसेल तर आणखी थांबण्यात फायदा आहे. मक्याच्या दाण्यातल्या स्टार्चभोवती प्रथिनांचे जाळे असते. पुढच्या काही महिन्यांत आंबवणीत ते जाळे सैल होत जाते आणि गाईला तो दाणा अधिक सहज पचतो. म्हणून माघात भरलेला मुरघास चैत्रापेक्षा ज्येष्ठात जास्त चांगला लागू पडतो.

या काळात बॅगेकडे फक्त पाहायचे असते. बॅग सावलीत ठेवावी, कारण ऊन प्लॅस्टिक ठिसूळ करते. उंदीर, मुंगूस, कावळे आणि कुत्री यांनी पाडलेले एक भोक आतल्या कित्येक किलो चाऱ्याचा नाश करते. आठवड्यातून एकदा भोवती फिरून भोक दिसले की त्याच वेळी रुंद चिकटपट्टीने बंद करावे. घर सोडून जायचे असेल तर मागे राहणाऱ्याला सांगण्याजोगे काम एवढेच आहे. बॅगेवर भरल्याची तारीख आणि आतला चारा ठळक अक्षरांत लिहावा. जुनी बॅग आधी, नवी नंतर, हा क्रम त्यामुळे चुकत नाही.

तोंड उघडल्यावरचा हिशेब

बॅग किंवा खड्डा उघडला की हवा परत येते. इतके दिवस झोपलेले यीस्ट जागे होते आणि या वेळी ते लॅक्टिक आम्लच खाऊ लागते. आम्ल कमी झाले की सामू चढतो, चारा गरम लागतो आणि मागोमाग बुरशी येते. उन्हाळ्यात ४० अंशांच्या वर तापमान गेले की हा प्रवास एक-दोन दिवसांत पूर्ण होतो. त्यामुळे रोज उघड्या तोंडावरचा किमान अर्ध्या फुटाचा थर उचलला गेला पाहिजे, म्हणजे बिघाड आत शिरण्याआधी चारा गव्हाणीत पोहोचतो.

इथे लहान शेतकऱ्याने खड्डा आखतानाच हिशेब केला पाहिजे. समजा पाच गाई आहेत आणि प्रत्येकीला रोज २० किलो मुरघास द्यायचा आहे. रोज १०० किलो, ९० दिवसांना ९ टन. घनफुटाला १७ किलो धरले तर रोज साधारण ६ घनफूट चारा उचलला जाईल. सहा फूट रुंद आणि सहा फूट खोल खड्ड्याचे उघडे तोंड ३६ चौरस फूट होते. त्यातून ६ घनफूट काढले तर आपण रोज जेमतेम दोन इंच पुढे सरकतो. उरलेला चारा रोज हवेत तापत राहील. तोच खड्डा चार फूट रुंद आणि तीन फूट खोल ठेवला, तर तोंड १२ चौरस फूट होते आणि रोज बरोबर अर्धा फूट पुढे सरकता येते. ९० दिवसांना ४५ फूट लांबी लागेल, आणि तूट धरून ५० फूट.

ज्याच्याकडे दोन-तीनच गाई आहेत त्याला खड्डा परवडत नाही, आणि बॅग तिथेच कामाला येते. ५०० किलोची बॅग पाच गाईंना पाच दिवस पुरते. एक बॅग संपेपर्यंत बाकीच्या बंद राहतात. काढून झाल्यावर तोंड पुन्हा आवळून बांधावे, आणि चारा वरून सपाट काढावा. मध्येच खोल बोगदा करून काढलेला चारा सगळीकडून हवा ओढतो.

नाक, हात आणि थोडी सावधगिरी

चांगला मुरघास ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. रंग हिरवट-पिवळा ते सोनेरी तपकिरी, वास आंबूस-गोडसर, हाताला गार आणि मोकळा. सिरक्याचा झणझणीत वास आला तर अॅसिटिक आम्ल जास्त झाले आहे. खवट, कुजकट वास आणि चिकटपणा ब्युटिरिक आम्लाची खूण. जळकट, तंबाखूसारखा वास आणि गडद तपकिरी रंग दिसला तर चारा भरताना तापला होता, आणि त्यातल्या प्रथिनांचा बराच भाग गाईला पचणार नाही.

पांढरी, हिरवी किंवा काळी बुरशी दिसलेला भाग, त्याच्या आजूबाजूच्या थरासकट, उकिरड्यावर टाकावा. बुरशीतले अफ्लाटॉक्सिन गाईच्या यकृतात एम१ रूपात बदलते आणि दुधात उतरते. देशाच्या अन्नसुरक्षा मानकांनुसार दुधात त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे, आणि उकळल्याने ते जात नाही. वाईट आंबलेल्या, सामू चढलेल्या मुरघासात लिस्टेरिया जिवाणूही वाढू शकतो. शेळ्या-मेंढ्यांना त्याने मेंदूचा आजार होतो. म्हणून गाईने न खाल्लेला शिळा मुरघास शेळ्यांपुढे टाकण्याची सवय सोडावी.

जनावराला मुरघासाची सवय हळूहळू लावावी. पहिल्या दिवशी चार-पाच किलोपासून सुरुवात करून आठ-दहा दिवसांत पूर्ण मात्रेवर यावे, आणि सोबत कडबा किंवा इतर कोरडी वैरण चालू ठेवावी. आंबट चारा एकदम जास्त दिला तर पोटातला सामू घसरतो, रवंथ कमी होतो आणि दुधाची फॅट उतरते.

माणसांसाठी एक इशारा मात्र काटेकोर पाळावा. खोल खड्ड्यात भरल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कार्बन डायऑक्साइड आणि पिवळसर-तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड साचू शकतो. हे वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी राहतात. त्या काळात एकट्याने खड्ड्यात उतरू नये आणि लहान मुलांना जवळ जाऊ देऊ नये.

मुरघासाचा पहिला प्रयोग दहा टनांचा करू नये. या हंगामात दोन-चार बॅगा भराव्यात, मुठीची चाचणी करून, थर दाबून, तारीख लिहून. शंका आली तर बारामतीजवळच्या शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. त्या बॅगा चांगल्या निघाल्या तर पुढच्या हंगामात खड्ड्याची लांबी-रुंदी आखावी. चाराटंचाईचे महिने दरवर्षी ठरलेल्या वेळी येतात. त्यांच्यासाठीचा चारा मात्र सहा महिने आधी, नीट दाबून आणि घट्ट बांधून ठेवलेला असला पाहिजे.